ब्रिक लेनची जुनी इमारत

लंडनच्या पूर्व भागात ब्रिक लेन नावाचा एक अरुंद रस्ता आहे. तेथे चार दिवस राहणाऱ्या पाहुण्याच्या कानी बंगाली बोली पडते. रस्त्याच्या पाट्यांवरही इंग्रजीच्या जोडीला बंगाली अक्षरे दिसतात. उपाहारगृहांतून मसाल्याचा दरवळ येतो.

या रस्त्याच्या एका कोपऱ्यावर विटांची जुनी इमारत उभी आहे. धर्मछळामुळे फ्रान्स सोडून आलेल्या प्रॉटेस्टंट लोकांनी १७४३ साली ती प्रार्थनेसाठी बांधली. पुढे, १८९८ साली, पूर्व युरोपातून परागंदा होऊन आलेल्या ज्यू लोकांचे ते प्रार्थनास्थान झाले. १९७६ पासून ती बंगाली मुसलमानांची मशीद आहे. तिन्ही समाजांतील पुष्कळांनी कापडाच्याच धंद्यावर पोट भरले: प्रथम रेशीम विणणारे आले, मग शिंपी, आणि त्यानंतर तयार कपड्यांच्या कारखान्यांतील कामगार.

परंतु परक्यांचा द्वेष करणारेही होतेच. १९७८ साली अल्ताब अली या तरुण बंगाली कामगाराचा वंशद्वेषातून खून झाला. तेव्हा हजारो लोक न्याय मागण्यासाठी निर्भयपणे रस्त्यावर उतरले. आज जवळच्या उद्यानाला त्याचे नाव आहे.

इमारतीच्या विटा त्याच आहेत. आश्रयास आलेली माणसे मात्र बदलत गेली. काल जो परका होता, तोच आज तेथे यजमान आहे.