मालाचा पर्यावरण हिशेब कसा वाचावा?

बांधकामाच्या मालाचा व्यवहार आजवर भाव, वजन आणि मजबुती या तीन गोष्टींवर होत आला. आता युरोपातील खरेदीदार चौथी गोष्ट विचारतो : हा माल बनताना, वापरताना आणि मोडताना हवा-पाण्याचे किती नुकसान होते? फ्रान्सने २०२२ पासून आणि डेन्मार्कने २०२३ पासून नव्या इमारतींसाठी असा हिशेब सक्तीचा केला आहे. आमचे जे बांधव फरशी, दगड किंवा लोखंडी सामान परदेशी पाठवतात, किंवा पाठवणाऱ्यांना पुरवतात, त्यांनी हा कागद वाचायला शिकले पाहिजे.

कागद कोणता?

या कागदाला पर्यावरण घोषणापत्र, थोडक्यात ईपीडी म्हणतात. युरोपात तो ईएन १५८०४ या मानकाप्रमाणे तयार होतो. हे मानक २०१२ साली आले व २०१९ मध्ये सुधारले गेले. हे प्रशस्तिपत्र नव्हे. माल चांगला की वाईट हे ते सांगत नाही, फक्त आकडे देते. त्रयस्थ तपासनीस ते तपासतो आणि त्याची मुदत साधारण पाच वर्षे असते.

चार खाती

हिशेबाची खाती चार. 'ए' मध्ये कच्चा माल, कारखाना, वाहतूक व बसवणी. 'बी' मध्ये वापर व दुरुस्ती. 'सी' मध्ये पाडकाम व विल्हेवाट. 'डी' मध्ये पुनर्वापराचा पुढचा फायदा, तो वेगळा दाखवतात.

सिमेंटचे पाहा. १०० किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली की ४४ किलो कार्बन वायू निघतो. जळणाचा धूर त्यावर वेगळा. म्हणजे भट्टीचे जळण बदलले तरी हा वायू निघणारच. राख मिसळलेल्या पोझोलाना सिमेंटमध्ये भारतीय मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के राख असते. तेवढे क्लिंकर वाचते आणि आकडा उतरतो.

लाकडाचे उलटे आहे. झाडाने शोषलेला कार्बन 'ए' मध्ये वजा दिसतो, पण 'सी' मध्ये परत जमा होतो. फक्त पहिले खाते पाहणारा फसतो.

तुलना कशी करावी?

किलोमागचा आकडा पाहून निकाल देऊ नये. समजा, एका विटेचा आकडा किलोमागे ०.२० आहे आणि एक चौरस मीटर भिंतीला २०० किलो विटा लागतात. हिशेब झाला ४०. हलक्या ठोकळ्याचा आकडा किलोमागे ०.४०, पण भिंतीला लागतात ७० किलो. हिशेब झाला २८. किलोमागे दुप्पट दिसणारा माल भिंतीत स्वस्त पडला. म्हणून मोजमाप भिंतीचे, फरशीचे, छपराचे धरावे, आणि आयुष्यही पाहावे. पन्नास वर्षांत दोनदा बसवावी लागणारी फरशी दोनदा मोजली जाते.

आपण काय करावे?

स्वतःचे घोषणापत्र नसेल तर इमारतीच्या हिशेबात सरसकट आकडा धरतात. फ्रान्समध्ये अशा आकड्यात खबरदारी म्हणून जादा टक्के मिळवलेले असतात. म्हणजे माल चांगला असूनही केवळ कागदाअभावी तो मागे पडतो.

घोषणापत्राचा खर्च लहान कारखानदाराला एकट्याने जड जातो. एकाच प्रकारचा माल करणाऱ्यांनी मिळून सरासरी घोषणापत्र काढण्याची सोय आहे, तिचा विचार व्हावा. तोवर प्रत्येकाने विजेची बिले, डिझेलच्या पावत्या, कच्च्या मालाची वही आणि वाया गेलेल्या मालाची नोंद वर्षभर नीट ठेवावी. तपासनीस आधी हेच मागतो. शिवाय नासाडी कुठे होते तेही या वहीतूनच कळते, आणि तो नफा आपलाच आहे.