अडलं की विचारतेस कुणाला?

अगं, रागावू नकोस. तुझी ती सर्टिफिकेटांची फाइल पाहिली आणि कौतुक वाटलंच. पण मी विचारलं, यातलं काही अडलं तर जातेस कुणाकडे? तू पटकन म्हणालीस, 'तुझ्याकडे!' मला पायथन प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नाही हे तुलाही माहीत आहे. म्हणजे खरं उत्तर 'कुणाकडेच नाही' असं आहे.

स्वयमवरचा तो एनपीटेलचा कोर्स तू किती नेटाने केलास, मी बघत होते. त्यांच्या हिशेबात असाइनमेंटचे 25 आणि सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेचे 75 गुण. दोन्हींत तू छान निघालीस. पण कोर्सच्या चर्चेच्या पानावर मुलं आपसात काय विचारतात, एकमेकांना काय सांगतात, हे तू उघडूनही पाहिलं नाहीस. का, तर त्याला गुण नाहीत! बाई गं, उद्या ऑफिसात अडशील तेव्हा ते व्हिडिओ नाही, ती मुलंच कामाला येतील.

तुला एक गोष्ट सांगते. 2008 साली कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स या दोघांनी एक कोर्स घेतला. फी भरणारे विद्यार्थी पंचवीसच्या आसपास आणि जगभरातून फुकट येऊन बसलेले दोन हजारांच्या वर. मोठमोठ्या ऑनलाइन कोर्सची सुरुवात या कोर्सपासून मानतात. पण आजच्यासारखं एकाच साइटवर लॉगिन करा, व्हिडिओ बघा, टिकमार्क करा, असं तिथे नव्हतं. जो तो आपापल्या जागी लिहायचा, आणि डाउन्स यांचा प्रोग्रॅम ते सगळं गोळा करून रोज एका पत्रातून सगळ्यांना पाठवायचा. 2010 मध्ये त्यांनी आणखी दोघांना बरोबर घेऊन, आपलं शिकणं आपणच कसं उभारायचं, नेमक्या याच विषयावर कोर्स घेतला. सगळं वाचायला जाऊ नका, असं तिथे बजावलेलं होतं. तुम्हाला भावेल ते उचला, त्याची आपल्या पद्धतीने जुळणी करा, त्यातून स्वतःचं काही बनवा आणि पुढे द्या. मला यातलं शेवटचं सगळ्यात पटतं. तू उचलतेस खूप, पुढे देत काहीच नाहीस.

हेही खरं, की त्या कोर्समध्येसुद्धा बहुतेक जण नुसते वाचत बसले आणि लिहिणारे मोजकेच निघाले. त्यात लाज कसली? नवख्या माणसाने आधी कोपऱ्यात बसून कानोसा घ्यावाच. फक्त तिथेच मुक्काम ठोकू नये.

आता तुझ्या नोट्सचं बघू. कोर्सच्या साइटवर हायलाइट केलेलं, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेलं, यूट्यूबच्या 'नंतर पाहा'मध्ये साठलेलं. ही सगळी भाड्याची खोली आहे गं, मालक केव्हाही कुलूप लावेल. गूगल रीडरवर किती जणांचं रोजचं वाचन चालायचं, 1 जुलै 2013 ला ते बंद झालं. कोर्सेराने 2016 च्या जूनअखेर जुनी यंत्रणा बंद केली आणि तिच्याबरोबर कितीतरी जुने कोर्स दिसेनासे झाले. म्हणून तुझं स्वतःचं एक फोल्डर कर. त्यात साध्या टेक्स्ट फाइली असू देत, एक प्रत पेनड्राइव्हवर. आज काय कळलं, काय नाही कळलं आणि कुणाच्या सांगण्यावरून कळलं, हे तुझ्या शब्दांत लिही. मराठीत लिही, इंग्रजी मिसळलं तरी चालेल, तपासायला कुणी येत नाही. शोधनिबंध वाचायला लागलीस की संदर्भ नीट साठवायला झोटेरो घे, फुकट आहे.

आणि माणसं. यात तू फार बुजतेस, म्हणून हेच जरा सविस्तर सांगते. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघ. बरेचसे मराठीतही आहेत. एका बाजूला छोट्या खिडकीत व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर, आणि आपण हाताने तेच करत जायचं. तिथे प्रश्न विचारताना व्हिडिओतलं नेमकं मिनिट आणि सेकंद सांगता येतं. 'सर, समजलं नाही' असं मोघम विचारण्यापेक्षा 'इथे अडलं' म्हणायची सवय त्याने लागते. पुढे स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर जाशील तेव्हा ती कामाला येईल. तिथले लोक तुसडे वाटतात, प्रश्न आधीच कुणी विचारलेला असेल तर सरळ बंद करतात. मनाला लावून घ्यायचं नाही. आधी शोधायचं, मग चार ओळींचा कोड, एररचा मजकूर जसाच्या तसा आणि आपण काय काय करून पाहिलं ते लिहायचं. निम्म्या वेळा तर लिहितानाच उत्तर सापडतं. मुलींचीच सोबत हवी असेल तर पायलेडीज आहे. 2011 मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेला पायथनवाल्या बायकांचा गट, पुण्यातही निघाला.

बाकी टेलिग्रामवर हजारो माणसांचे, चोरलेल्या पीडीएफ वाटणारे ग्रुप असतात, त्यांतून बाहेर पड. तिथे कुणी कुणाला ओळखत नाही आणि कुणी काही शिकतही नाही. ज्यांच्या लिहिण्यातून खरंच काही कळतं अशी सात-आठ माणसं निवड, त्यांचंच नियमाने वाच. त्यांतलं एखादं तरी तुझ्याशी न पटणारं असू दे. आणि हो, उत्तर देता देता कुणी फोन नंबर मागायला लागला, 'पर्सनलवर ये, नीट शिकवतो' म्हणाला, तर पटकन ब्लॉक कर. उद्धट वाटेल का, याचा विचार करत बसू नकोस. शिकवायचं असेल तर चारचौघांत शिकवेल की.

गेला आठवडाभर सीएसव्ही फाइलमधल्या तारखांवरून माझं डोकं खाते आहेस ना? या रविवारी बसून तो प्रश्न नीट लिहून काढ आणि टाक. इंग्रजी चुकलं तरी टाक, आणि आधी मला दाखवायला आणू नकोस.