एअर रायफलचा नेम हलतोय? स्कोप घेण्याआधी हे तपासा

अमरावती-अकोल्यात घरी येणारी पहिली एअर रायफल बहुधा ब्रेक बॅरल असते. नळी खाली मोडली की आतली स्प्रिंग दाबली जाते, मग एक छर्रा भरायचा, नळी बंद करायची आणि घोडा ओढायचा. किंमत साधारण ५ ते १५ हजार रुपये. शालेय स्पर्धेतल्या ओपन साइट गटात उतरायचं म्हणून मुलाने किंवा मुलीने हट्ट धरलेला असतो, घरच्यांनी काटकसर करून तो पुरवलेला असतो. महिनाभरात तक्रार सुरू होते: काल चांगले लागत होते, आज एक इकडे आणि एक तिकडे. मग कोणी स्कोप बसवायला सांगतं, कोणी स्प्रिंग बदलायला. तीन-चार हजार इथेच जातात आणि छर्रे पसरायचे ते पसरतातच. म्हणून तपासणी बिनखर्चाच्या कामापासून सुरू करा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर कार्डावर पाच छर्रे मारून पाहा.

आधी दोष खरंच आहे का, ते ठरवा. पाचही छर्रे एकमेकांजवळ, पण मध्यापासून दूर लागत असतील तर रायफल ठीक आहे. मागची साइट फिरवून नेम मध्यावर आणा. छर्रे पसरत असतील तरच पुढे वाचा. अपेक्षाही रास्त ठेवा. १० मीटर एअर रायफलच्या कार्डावर सगळ्यात बाहेरचं वर्तुळ ४५.५ मिलिमीटरचं आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्या ठिपक्यासाठी बनलेल्या परदेशी रायफलींची किंमत लाखांत जाते. तुमच्या रायफलीने १० मीटरवरून, टेकून मारलेले पाच छर्रे १० रुपयांच्या नाण्याखाली, म्हणजे २७ मिलिमीटरात झाकले जात असतील, तर ती आपलं काम करते आहे.

नेम हलण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे सैल स्क्रू. स्प्रिंगच्या रायफलीला प्रत्येक छर्‍यामागे दोन धक्के बसतात. पिस्टन सुटताना रायफल मागे येते आणि तो पुढे जाऊन थांबताना ती पुढे झेपावते. हे धक्के खाऊन दस्त्याचे स्क्रू हळूहळू ढिले होतात. पुढच्या बाजूचे दोन आणि घोड्याच्या कडीजवळचे एक-दोन स्क्रू तपासा, मग नळी जिथे मोडते तिथला बोल्ट. आपल्याकडे यात हवामानाचीही भर पडते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा लाकडी दस्ता सुकून आकसतो, पावसाळ्यात तोच फुगतो. उन्हाळ्यात घट्ट केलेला स्क्रू जुलैत तसाच राहील असं धरू नका. रायफल रिकामी असल्याची खात्री करून हे काम करा आणि बळ लावून लाकूड चिरू नका. ॲलन कीचा संच शंभर-दोनशेत मिळतो. स्क्रू पुन्हा सुटू नयेत म्हणून लावायचा निळा थ्रेडलॉकरही साधारण तेवढ्यातच येतो. तो थेंबभरच लावा. तांबडा घेऊ नका, नंतर स्क्रू निघणार नाही. याच वेळी पुढची माशी आणि मागची साइट हाताने हलवून पाहा. नळी बंद असताना डावी-उजवीकडे डुलत असेल तर तो बोल्टचा दोष आहे, आणि बोल्ट आवळूनही डुलणं थांबलं नाही तर दुकानदाराकडे जा.

दुसरा पैसा छर्‍यांवर घाला. एकाच नळीला एका कंपनीचा छर्रा मानवतो, दुसरीचा नाही. याचं उत्तर कार्डावरच मिळतं. स्वस्त डब्यात चेपलेल्या कडांचे छर्रेही निघतात, ते भरण्याआधी बाजूला काढा. कागदी कार्डासाठी चपट्या तोंडाचे, ७ ते साडेआठ ग्रेन वजनाचे, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचे छर्रे घ्या. दोन-तीन वेगवेगळ्या डब्यांसाठी ६०० ते १,५०० रुपये धरा. माझ्या मते या सगळ्या यादीत सर्वांत सार्थकी लागणारा खर्च हाच. नवा छर्रा सुरू केल्यावर पहिले दहा-पंधरा मोजू नका, नळीला तो बसू द्या. लोखंडी गोळ्या किंवा पिसाचे डार्ट आटे असलेल्या नळीत घालू नका, आटे खराब होतात. आणि आटे आहेत का, हेही बघाच. छर्रा न भरता, स्प्रिंग न ताणता नळी थोडी मोडून उजेडाकडे धरा आणि मागच्या तोंडातून आत पाहा. आत पीळदार रेघा दिसायला हव्यात. सगळ्यात स्वस्त खेळण्यातल्या बंदुकांची नळी गुळगुळीत असते, तिथे कितीही खर्च केला तरी नेम सुधारणार नाही.

पकड चुकली तरी छर्रे पसरतात, आणि तिथे खर्च शून्य आहे. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच धक्का सुरू झालेला असतो, त्यामुळे रायफल घट्ट दाबून धरली की तो दर वेळी वेगळा बसतो. पुढचा तळहात दर वेळी एकाच जागी, मोकळा ठेवा. खांद्यालाही हलकेच टेकवा. विटेवर किंवा खिडकीच्या चौकटीवर टेकवून मारू नका. अर्धी भरलेली तुरीची किंवा गव्हाची पिशवी पुढे ठेवा आणि तिच्यावर हात टेकवा, हातावर रायफल. पुष्कळ घरांत तक्रार इथेच संपते.

नवी रायफल धूर सोडते, तेलकट जळका वास येतो, आवाजही मोठा होतो. कारखान्यातलं तेल आत पेटत असतं. पहिला डबा संपेपर्यंत तिच्याबद्दल मत बनवू नका. शिलाई मशीनचं किंवा खोबरेल तेल आत सोडायचा मोह मात्र आवरा. त्याने हाच प्रकार वाढतो आणि सील खराब होतं. जुन्या घरात इंडियन ह्यूम पाइपची ‘आयएचपी’ किंवा तशी जुनी बंदूक असेल आणि तिचा वॉशर चामड्याचा असेल, तर ती गोष्ट वेगळी. वाळलेल्या चामड्याला थोडं तेल लागतं, पण किती, ते जाणकाराला विचारूनच घाला.

नळी साफ करायला तंगुसाच्या दोरीला सुती चिंधी बांधून मागून पुढे ओढा, खर्च पन्नासाच्या आत. मग हवा गळते का ते बघा. छर्रा भरून नळी बंद करा, जोडाच्या वर पातळ कागदाची चिंधी ठेवा आणि सुरक्षित पाठ असलेल्या लक्ष्यावर मारा. चिंधी उडाली तर ब्रीचचं सील गेलं आहे. ते जुनं सील घेऊन बेअरिंग आणि ऑइल सीलच्या दुकानात जा. डाळ मिलना आणि जिनिंगला माल देणारी अशी दुकानं अकोल्यात आहेत. मापाची ओ-रिंग दहा-तीस रुपयांत बसते.

एवढं करूनही पसरतच असेल तर मोठा खर्च काढा. स्प्रिंग, पिस्टन सील आणि मजुरी मिळून दीड ते अडीच हजार धरा, पण दाबलेली स्प्रिंग घरी उघडू नका. ती सुटली तर हात-डोळा गमावाल. नळीच्या तोंडाची कड ठेचली असेल तर ती सारखी करायला काहीशे रुपये लागतील. स्कोप सर्वांत शेवटी, तोही स्प्रिंग रायफलसाठी बनवलेला, तीन हजारांपासून पुढे. साधा स्कोप उलट्या धक्क्याने आतून खिळखिळा होतो आणि नेम पुन्हा हलतो. हे सगळे आकडे तरतुदीचे आहेत. निघण्याआधी दुकानात फोन करून भाव विचारा.

जास्त ताकदीची स्प्रिंग टाकून देतो, असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० जूलपर्यंतच्या ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. त्यापुढे परवाना लागतो. शिवाय धक्का वाढून नेम आणखी बिघडतो. रोही, रानडुक्कर आणि मोर पिकाचं किती नुकसान करतात ते वर्‍हाडातल्या शेतकर्‍याला सांगायला नको, पण त्यांच्यावर ही रायफल चालवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. या छर्‍याने जनावर पडत नाही, जखमी होऊन फिरतं. नुकसानभरपाईसाठी वन विभागाकडे अर्ज करा.

नळी मोडून छर्रा भरताना एका हाताने ती धरूनच ठेवा; ती फटकन मिटली तर बोट तुटू शकतं. छर्रे शिशाचे असतात, सरावानंतर हात धुवा.

घेतल्यापासून नेम बसत नसेल, वॉरंटी चालू असेल तर स्वतः काही उघडू नका. कार्डावरच्या पाच छर्‍यांचे फोटो तारखेसह काढा, बिल जोडा आणि दुकानदाराला लेखी द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंतर आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे. तिथे ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि वकील नसला तरी चालतो.