जठरांतील छुपा शत्रु

अन्न पचविण्यासाठीं जठरांत तीव्र अम्ल पाझरतें. त्यांत कोणताहि जंतु फार काळ तग धरणार नाहीं, असें वैद्य पुष्कळ वर्षें मानीत. १९८२ मध्यें ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल या डॉक्टरांनीं हा समज खोटा ठरविला. ईस्टरच्या सुटीमुळें जंतुसंवर्धनाच्या बशा नेहमींपेक्षां अधिक दिवस राहिल्या, आणि त्यांत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा नागमोडी जंतु वाढलेला आढळला. १९८४ मध्यें मार्शल यांनीं तो स्वतः प्राशन केला. थोड्याच दिवसांत त्यांच्या जठरास दाह झाला. २००५ सालीं उभयतांस नोबेल पारितोषिक मिळालें.

हा जंतु भोंवतीं अमोनिया निर्माण करून अम्लापासून बचावतो. त्याचा दाह वर्षानुवर्षें टिकला, तर कांहीं जणांच्या जठराचें अस्तर झिजतें व ग्रंथी नष्ट होतात. पुढें तेथें आंतड्याच्या पेशींसारख्या पेशी येतात. मग पेशींची घडण बिघडते, आणि शेवटीं क्वचित् कर्करोग होतो. हा क्रम पेलायो कोरेआ यांनीं १९७५ मध्यें मांडला.

वाचकहो, बहुतेक बाधितांस कर्करोग होत नाहीं. भिण्याचें कारण नाहीं. परंतु ही बाधा बहुधा बालपणींच, घरांतल्या घरांत होते, हें आपण सर्वांनीं ध्यानांत ठेवावें. अम्लशामक गोळीनें पोटदुखी थांबली, तरी जंतु जात नाहीं. दुखणें वारंवार येत असेल, तर डॉक्टरांकडून तपासणी करवावी. प्रतिजैविक औषधांनीं जंतूचा नाश होतो. मात्र शेवटच्या पायऱ्यांवरून परत फिरणें कठीण, म्हणून पहिल्याच पायरीवर त्यास अडविणें शहाणपणाचें, असें आम्हांस वाटतें.