पोटरीतला पंप, सेकंदाला एक झटका

सेंट्रिफ्युगल पंपाची आकृती आपण डोळे मिटून काढतो. पण आपल्या प्रत्येक पोटरीत एक पंप आहे, हे किती जणांना माहीत आहे?

गणित साधं आहे. उभं असताना हृदय ते घोटा अंतर १.२ मीटर धरा, रक्ताची घनता १०६० किलोग्रॅम प्रति घनमीटर. आपला नेहमीचा रो-जी-एच लावला की सुमारे १२,५०० पास्कल, म्हणजे ९४ मिलिमीटर पारा! घोट्याजवळच्या शिरांवर एवढा दाब येतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा, म्हणजे आपले नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, ते खाली येऊ देत नाहीत. स्नायू सैल पडला की शीर पुन्हा भरते. तासन्‌तास नुसतं उभं किंवा बसून राहिलं की पंप बंद. साचलेल्या रक्तात गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेततं.

मग ज्याला ऑपरेशननंतर हलताच येत नाही, त्याने काय करायचं? इथे आपली वीज कामाला येते. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा लागतो. त्याला वळसा घालून एक नर्व्ह जाते, तीही कातडीच्या अगदी जवळून. तिला छोटा पल्स दिला की पाऊल आपोआप वर उचकतं, स्नायू आवळतात आणि रक्त पुढे सरकतं. ‘गेको’ नावाचं ब्रिटिश उपकरण हेच करतं. २७ मिलिअँपिअर, सेकंदाला एक पल्स, आणि पल्सची रुंदी मिलिसेकंदाहूनही कमी. नर्व्ह इतक्या छोट्या पल्सनेही जागी होते. थेट स्नायूला जागं करायला खूप जास्त चार्ज लागतो. २०१४ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने, गुठळीचा धोका जास्त आहे पण औषधं किंवा इतर साधनं चालत नाहीत अशा पेशंटसाठी ते वापरायला मान्यता दिली.

आता फ्रिक्वेन्सीची गंमत बघा. सेकंदाला पन्नास पल्स दिले तर स्नायू आवळलेलाच राहतो, सैल पडत नाही. मग शीर भरणार कधी? पंपाला दाबणं जितकं महत्त्वाचं, तितकंच सोडणं. म्हणूनच दुखण्यावर मिळणारं टेन्स मशीन आणि हे उपकरण एक नव्हे.

आमच्या मेसच्या मावशी दिवसभर उभ्या राहून पोळ्या करतात. संध्याकाळी पाय सुजतात. एकदा जाहिरातीचा कागद दाखवून म्हणाल्या, “तू इलेक्ट्रिकलचा ना रे बाळा? हे मशीन घेऊ का?” किंमत त्यांच्या पगाराच्या निम्मी. मी पाय पाहिले, तर डावा उजव्यापेक्षा जास्त सुजलेला. म्हटलं, “मावशी, मशीन राहू दे, आधी डॉक्टरांना दाखवा.” डॉपलर सोनोग्राफी झाली. नशिबाने गुठळी नव्हती, झडपा सैल झाल्या होत्या. आता त्या डॉक्टरांनी दिलेले घट्ट मोजे घालतात आणि मधूनमधून स्टुलावर बसतात.

तेव्हा लक्षात ठेवा: एकच पाय अचानक सुजला, दुखला, गरम लागला तर आधी दवाखाना. गुठळी असेल किंवा पेसमेकर बसवलेला असेल, तर असं मशीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही. आणि लॅबमधल्या ट्रान्सफॉर्मरवर हा प्रयोग तर कोणीही करू नये!

आपल्यासारख्या धडधाकट मंडळींना बॅटरीचीही गरज नाही. सबमिशनच्या रात्री दर तासाला उठा, कॉरिडॉरमध्ये एक फेरी मारा, दहा वेळा टाचा उचला. पंप फुकट आहे, चालवा म्हणजे झालं.