बुडालेले इंजिन आणि उतावळा हात

श्रीवर्धन म्हटले की पेशव्यांचे मूळ गाव, रोठा सुपारी आणि लांबलचक पुळण डोळ्यांपुढे येते. अलीकडे या चित्रात आणखी एका दृश्याची भर पडली आहे : वाळूत चाके रुतलेली आणि भरतीच्या पाण्यात उभी राहिलेली मोटार. हौसेने पुळणीवर गाडी घालणारा पाहुणा असो, की पावसाळ्यात भरलेल्या ओढ्यातून प्रवासी नेणारा मिनिडोरवाला असो, इंजिनात पाणी शिरले की दोघांची अवस्था एकच. मात्र पाहुण्याची सुट्टी बुडते, मिनिडोरवाल्याची रोजी बुडते.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. सुट्टीत गावातल्या एका गॅरेजात बसून मी हे काम जवळून पाहिले आणि एक गोष्ट मनावर ठसली. इंजिनाचे खरे नुकसान पुष्कळदा पाण्याने होत नाही. ते पाण्यानंतर किल्ली फिरवणाऱ्या हाताने होते.

याचे कारण शास्त्रीय आहे. इंजिनातला पिस्टन सिलिंडरमधील हवा दाबतो. पेट्रोल इंजिनात ही हवा साधारण दहाव्या भागाइतकी आणि डिझेल इंजिनात सोळाव्या ते बाविसाव्या भागाइतकी दाबली जाते. हवा दबते, पाणी जवळजवळ दबतच नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला, तर वर येणारा पिस्टन पाण्यावर अडतो आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो. वाकलेला रॉड पुढे केव्हातरी मोडून इंजिनाच्या ब्लॉकलाच भोक पाडू शकतो. धक्का मारून गाडी चालू करण्यातही हाच धोका आहे.

म्हणून पहिला नियम असा : गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नये. गिअर न्यूट्रल करून ती ढकलत किंवा ओढत कोरड्यावर आणावी आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. मग एअर फिल्टर पाहावा. तो ओला असेल तर पाणी आत गेले असे धरून चालावे. ऑईलची पट्टी काढून पाहावी. ऑईल दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. पाणी ऑईलपेक्षा जड, म्हणून ते चेंबरच्या तळाशी बसते व नट सोडताच आधी तेच बाहेर येते.

यानंतर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेल गाडीचे इंजेक्टर काढून इंजिन पान्याने हातानेच सावकाश फिरवतात. मोकळ्या छिद्रांतून पाणी उडते. इंजिन अडले तर जोर करायचा नाही. ते उघडावेच लागते. ते मोकळे फिरले, तर सिलिंडरमध्ये थोडे ऑईल सोडून, नवे ऑईल व फिल्टर घालून मगच चालू करावे आणि थोडे चालवून ऑईल पुन्हा बदलावे. गिअरबॉक्सचे ऑईल व इंधनाची टाकीही तपासावी.

समुद्राच्या पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळते, मीठ राहते आणि दमट हवेतील ओल ओढून लोखंड व तारांचे जोड खात राहते. म्हणून गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवावी. ब्रेक, सेल्फ आणि तारांचे जोड उघडून स्वच्छ करावेत. नव्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला तर हे मीठ फारच बाधते.

२६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात हजारो गाड्या बुडाल्या. अशा गाड्या पुन्हा चालू करताना बिघडलेल्या इंजिनांच्या विमाभरपाईचे वाद ग्राहक मंचापर्यंत गेले आहेत. साध्या विमापत्रात हे नुकसान बहुधा धरले जात नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, हेही गाडीवाल्याने जाणून असावे.

सर्वांत उत्तम उपाय अर्थात गाडी पुळणीवर न नेण्याचा. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. कालची वेळ आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर पाणी नेहमीपेक्षा वर चढते. हे आपल्याकडच्या कोळ्याच्या पोरालाही ठाऊक असते. पाहुण्याला ते सांगणे हे आपले काम आहे. आणि गाडी बुडालीच, तर किल्लीकडे जाणारा त्याचा हात धरणे, हेही आपलेच काम आहे.