दालचिनी : सालीचे पीक आणि आयातीचा प्रश्न

भारत हा मसाल्यांचा देश म्हणून ओळखला जातो. तथापि, स्वयंपाकघरातील दालचिनीच्या बाबतीत तो प्रामुख्याने आयातदार आहे. विशेष म्हणजे, खऱ्या दालचिनीचे झाड दक्षिण भारताच्या पश्चिम घाटात नैसर्गिकरीत्या आढळते. ही विसंगती समजून घेण्यासाठी झाड, त्याची लागवड आणि बाजारपेठ या तिन्हींचा एकत्रित विचार करावा लागतो.

ओळख

दालचिनी हा लॉरेसी कुलातील सदाहरित वृक्ष असून त्याचे शास्त्रीय नाव सिनॅमोमम व्हेरम असे आहे. श्रीलंका व दक्षिण भारताचा पश्चिम भाग ही त्याची मूळभूमी होय. तमालपत्राचे झाड याच प्रजातीतील, परंतु हिमालयाच्या पायथ्याचे व ईशान्य भारतातील आहे. चीन, व्हिएतनाम व इंडोनेशियातून येणारी साल बहुतांशी 'कॅसिया' म्हणजे 'तज' असते. 'दालचिनी' हे नाव ज्या फारसी शब्दावरून आले, त्याचा अर्थच 'चिनी लाकूड' असा आहे.

खरी दालचिनी पातळ, फिकट तपकिरी व ठिसूळ असते. तिच्या नळीत सालीचे अनेक पदर एकात एक गुंडाळलेले दिसतात. कॅसियाची साल जाड, कठीण व बहुधा एकपदरी असते. कॅसियामध्ये कुमारिन हे द्रव्य बरेच अधिक आढळते. दालचिनीत ते अत्यल्प असते. कुमारिनच्या अतिसेवनाने यकृतास अपाय होऊ शकतो. म्हणून युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली आहे. भारतीय अन्नसुरक्षा मानकांतही दालचिनी व कॅसिया हे भिन्न पदार्थ मानले आहेत.

लागवड

उष्ण व दमट हवामान, भरपूर पाऊस आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन या पिकास मानवते. बियांची उगवणशक्ती लवकर नष्ट होत असल्याने त्या ताज्याच पेराव्या लागतात. पावसाळ्याच्या प्रारंभी रोपे लावतात. दोन-तीन वर्षांनी मुख्य खोड जमिनीलगत छाटले जाते, त्यामुळे बुंध्यापासून अनेक सरळ फुटवे येतात. बोटाएवढ्या जाडीचे फुटवे कापून वरची खरबरीत साल खरवडतात, पितळी दांड्याने घासून आतील साल सैल करतात आणि उभे छेद देऊन ती सोडवतात. ही साल सावलीत व नंतर उन्हात वाळवली की नळ्या तयार होतात. पानांच्या तेलात युजेनॉल, तर सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड हा प्रमुख घटक असतो.

प्रयत्न आणि अडचणी

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात केरळमधील अंजरकंडी येथे दालचिनीचा मळा उभा राहिला. कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने 'नवश्री' व 'नित्यश्री', तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही जात विकसित केली. कोकणातील नारळ-सुपारीच्या बागांत हे आंतरपीक म्हणून घेता येते. पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये हिमाचल प्रदेशातील उना जिल्ह्यातून लागवडीस प्रारंभ केला.

तरीही क्षेत्र मर्यादित राहिले, कारण अडचण केवळ रोपांची नाही. साल सोलणे हे कुशल हातांचे काम असून त्यावर मोठा मजुरीखर्च होतो. दुसरीकडे, स्वस्त कॅसिया 'दालचिनी' याच नावाने विकली गेल्यास शेतकऱ्याला गुणवत्तेचा मोबदला मिळत नाही. म्हणूनच लागवडीच्या अनुदानाइतकेच सालकाढणीचे प्रशिक्षण, शेतकरी उत्पादक कंपन्यांमार्फत प्रतवारी व विक्री, आणि वेष्टनावर पदार्थाच्या नावाचा अचूक उल्लेख या बाबी महत्त्वाच्या ठरतात. पिकाच्या प्रसाराची खरी कसोटी शेताबरोबरच बाजारातही लागते, हे दालचिनीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.